लहान रिव्हॉल्व्हर निवडताना: कमरेवरचं वजन आणि हातातला धक्का

परवाना हातात आला आणि पहिलं रिव्हॉल्व्हर घ्यायची वेळ आली की नवख्या माणसाला बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: लहान घे, हलकं घे, सुरुवातीला तेच बरं. घेणारी बाई असेल तर हा सल्ला हमखास मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला उलटा आहे. खिशात मावणारं, जेमतेम ४०० ग्रॅम वजनाचं रिव्हॉल्व्हर नीट चालवणं फार अवघड असतं. ते मुरलेल्या हाताचं हत्यार आहे. असं का होतं हे एकदा कळलं की निवडीतले बाकीचे बरेच प्रश्न सोपे होतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

गोळी पुढे सुटते तेव्हा रिव्हॉल्व्हर मागे येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. किती जोरात येतं, ते त्याच्या वजनावर ठरतं. काडतूस तेच ठेवून रिव्हॉल्व्हरचं वजन निम्मं केलं, तर त्याचा मागे येण्याचा वेग दुप्पट होतो. ऊर्जेच्या हिशोबात वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे वजन निम्मं असूनही हाताला सोसावी लागणारी ऊर्जा दुप्पट भरते. रुगर कंपनीचं एसपी१०१ हे पोलादी रिव्हॉल्व्हर ७०० ग्रॅमच्या वर आहे. स्मिथ अँड वेसनचं ६४२, ज्याचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे, ते ४१० ग्रॅमच्या आसपास. त्याच कंपनीचं ३४०पीडी, स्कँडियम आणि टायटॅनियम वापरून केलेलं, साधारण ३३५ ग्रॅम. एकच काडतूस पहिल्यातून आणि तिसऱ्यातून झाडलं तर तिसऱ्याचा धक्का दुपटीहून जास्त. शिवाय पहिल्याची मूठ मोठी आणि रबराची, तिसऱ्याची दोन बोटांत संपणारी. दिवसभर कमरेला जे वजन नकोसं झालं होतं, ते गोळी झाडताना तळहाताला हवंहवंसं वाटतं.

हा धक्का दुखतो एवढीच अडचण असती तर ती सोसता आली असती. खरी अडचण पुढची आहे. दुखणारं हत्यार माणूस सरावाला काढत नाही. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस गोळ्या झाडतो, अंगठ्याच्या मुळाशी लाल झालेलं बघतो आणि ‘गरज पडेल तेव्हा बघू’ म्हणून ठेवून देतो. वर हाताला त्या झटक्याची धास्ती बसते. पुढच्या वेळी चाप ओढतानाच मनगट आधीच खाली झुकतं आणि गोळी खाली जाते. ही सवय एकदा लागली की सोडवायला महिने जातात.

आता हा लहान रिव्हॉल्व्हरचा प्रकार आला कुठून ते थोडक्यात सांगतो. कोल्ट कंपनीने १९२७ मध्ये ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ बाजारात आणलं: दोन इंची नळी, सहा काडतुसं. साध्या वेशात फिरणाऱ्या पोलिसांना कोटाखाली लपेल असं काहीतरी हवं होतं. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने त्याहून लहान, पाच काडतुसांचं ‘चीफ्स स्पेशल’ काढलं. त्याच्या सांगाड्याच्या मापाला ‘जे फ्रेम’ म्हणतात आणि आजही लहान रिव्हॉल्व्हर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेच माप येतं. पाच की सहा, हा वाद तेव्हापासूनचा आहे. सहावं काडतूस बसवायचं तर सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला फिरता भाग, दोन-तीन मिलिमीटरने जाड होतो. कागदावर हे काहीच नाही, पण पँटच्या पट्ट्याच्या आत खोचल्यावर त्या दोन-तीन मिलिमीटरचा फुगवटा जाणवतो. कमरेला घालणाऱ्याने सहा घ्यावीत, खिशात ठेवणाऱ्याने पाचांवर समाधान मानावं, असं माझं मत आहे.

घोडा म्हणजे काडतुसावर ठोका मारणारा मागचा भाग. त्याचे तीन प्रकार मिळतात आणि इथे निवड सोपी आहे. चीफ्स स्पेशलचा घोडा उघडा आहे, अंगठ्याने मागे ओढता येतो. १९५२ मध्ये आलेल्या ‘सेंटेनियल’चा घोडा पूर्ण झाकलेला, बाहेरून दिसतच नाही. १९५५ च्या ‘बॉडीगार्ड’मध्ये मधला मार्ग आहे: घोड्याच्या दोन्ही बाजू झाकलेल्या आणि वर फक्त अंगठ्यापुरता खाचेतला तुकडा. हत्यार बाहेर काढताना उघड्या घोड्याचं टोक अस्तरात, शर्टात अडकतं. शिवाय घोडा मागे ओढून ठेवला की चाप फार हलका होतो, अवघ्या दीड किलोच्या आसपास. घाबरलेल्या, थरथरत्या हातात इतका हलका चाप धोक्याचा आहे. रोज अंगावर बाळगायचं असेल तर झाकलेला घोडा घ्यावा. पूर्वी कोल्टमधले जॉन हेन्री फिट्झजेराल्ड रिव्हॉल्व्हरची नळी कापून, घोड्याचं टोक घासून आणि चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भाग काढून टाकून झटपट चालणारी रिव्हॉल्व्हरं बनवत. घोडा घासण्याची कल्पना टिकली. कडं कापण्याची टिकली नाही, आणि ते बरंच झालं. उघड्या चापाला काहीही लागू शकतं.

चापाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण नेम चुकण्याचं सगळ्यांत मोठं कारण तिथे आहे. झाकलेल्या घोड्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चापाच्या एकाच ओढीत तीन कामं होतात: सिलिंडर फिरून पुढचं काडतूस नळीसमोर येतं, घोडा मागे जातो, आणि सुटून काडतुसावर आदळतो. तिन्ही कामांचा भार तुमच्या एका बोटावर. साधारण पाच किलोंहून जास्त जोर लागतो. जी वस्तू स्वतः ४०० ग्रॅमची, तिच्यावर बारापट जोर लावून ती हलू द्यायची नाही, असं हे काम आहे. जड रिव्हॉल्व्हर स्वतःच्या वजनाने स्थिर राहतं, हलकं डोलतं. हलकेपणाची ही दुसरी किंमत, आणि ती गोळी सुटायच्या आधीच मोजावी लागते.

यावर उपाय म्हणून काही जण आतली स्प्रिंग बदलून हलकी बसवतात. चाप मऊ होतो खरा, पण घोड्याचा ठोकाही मऊ होतो आणि एखाद्या काडतुसाचा प्रायमर, म्हणजे ठोक्याने पेट घेणारा मसाला, पेटतच नाही. ज्या गोष्टीसाठी रिव्हॉल्व्हर घेतलं तीच गमावून बसतो. रुगरने २००९ मध्ये आणलेल्या एलसीआर या मॉडेलमध्ये वेगळा मार्ग घेतला. त्यांनी आतल्या भागांचं घर्षण कमी करणारा कॅम बसवला, त्यामुळे ओढ सलग आणि एकसारखी लागते, मध्ये अडखळत नाही. वजनही ३८० ग्रॅमच्या आसपास, कारण चापाचे भाग पॉलिमरच्या कवचात बसवलेत. हातात घेऊन पाहण्यासारखं आहे. पण कुठलंही रिव्हॉल्व्हर असो, या लांब ओढीला रिकाम्या सरावाशिवाय पर्याय नाही. सरावाची खोटी काडतुसं मिळतात ती भरायची, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, सिलिंडर दोनदा उघडून बघायचा, सुरक्षित दिशेला नेम धरायचा आणि घोडा पडेपर्यंत पुढची साईट (नेम धरायचा नळीवरचा उंचवटा) हलणार नाही असा चाप ओढायचा. रोज दहा मिनिटं. याला फारसा पैसा लागत नाही, धक्का बसत नाही, आणि फरक महिन्याभरात दिसतो.

काडतुसांची नावं नवख्याला गोंधळात टाकतात. .३८ स्पेशल हे १८९८ च्या सुमाराचं आणि .३५७ मॅग्नम १९३५ मधलं. आकडे वेगळे असले तरी दोघांच्या गोळीचा व्यास एकच, .३५७ इंच. मॅग्नमची पुंगळी, म्हणजे गोळी आणि दारू धरणारं काडतुसाचं कवच, साधारण तीन मिलिमीटरने लांब ठेवली आहे, ती मुद्दाम, म्हणजे जास्त दाबाचं काडतूस जुन्या .३८ च्या हत्यारात बसूच नये. म्हणून .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ चालतं, उलट चालत नाही. या दोघांच्या मधली पायरी म्हणजे ‘.३८ स्पेशल प्लस पी’: माप तेच, दाब थोडा जास्त. ते आपल्या रिव्हॉल्व्हरला चालतं का हे कंपनीच्या माहितीपुस्तकात बघूनच ठरवायचं. जुन्या हलक्या सांगाड्यांना ते चालत नाही.

मग .३५७ घ्यावं का? दोन इंची नळीत मॅग्नमची सगळी दारू जळायला जागा मिळत नाही. उरलेली नळीच्या तोंडाशी जळते. भला मोठा भडका, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि लांब नळीतून मिळाला असता त्यापेक्षा बराच कमी वेग. सोसायचं सगळं, मिळायचं थोडं. तरीही .३५७ चं पोलादी रिव्हॉल्व्हर घेऊन त्यात कायम .३८ घालणं ही मला शहाणपणाची निवड वाटते. सांगाडा भक्कम, वजन जास्त, धक्का मवाळ. एवढंच लक्षात ठेवायचं की .३८ ची पुंगळी आखूड असल्याने सिलिंडरच्या घरांत पुढे काजळीचं कडं जमतं, ते घासून काढावं लागतं.

अतिहलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक विचित्र गोष्ट घडते. धक्क्याने हत्यार झटकन मागे येतं, पुंगळ्या त्याच्यासोबत येतात, पण न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात आणि पुंगळीतून थोड्या पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली तर सिलिंडर फिरायचा थांबतो. हे तिथल्या तिथे सुटत नाही. जे काडतूस बाळगणार आहात त्याची हीच परीक्षा घ्या: सिलिंडर भरून शेवटचं काडतूस सोडून बाकीची झाडा आणि ते शेवटचं न झाडलेल्या नव्या काडतुसाशेजारी ठेवून लांबी ताडून बघा. वाढलेली दिसली तर ते काडतूस तुमच्या रिव्हॉल्व्हरसाठी नाही.

हाताला जपायचं असेल तर .३८ मधलंच १४८ ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वॉडकटर बघा. सपाट तोंडाची, मंद वेगाची ही गोळी मुळात निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी बनली. धक्का इतका कमी की ४०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधूनही माणूस पन्नास गोळ्या आनंदाने झाडतो. मनगट दुखरं असलेल्यांना आणि वय झालेल्यांना आणखी एक वाट आहे, .३२ ची. १९८४ मध्ये आलेलं .३२ एच अँड आर मॅग्नम .३८ पेक्षा मवाळ आहे, आणि बारीक असल्याने त्याच मापाच्या सिलिंडरमध्ये पाचाऐवजी सहा बसतात. काडतूस सगळीकडे सहज मिळत नाही ही त्याची खोट. .२२ चा धक्का तर नसल्यासारखाच, आणि सरावाला त्यासारखं दुसरं नाही. पण त्यात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो आणि तो कधी कधी पेटत नाही. तो पेटवायला ठोका जोराचा लागतो, म्हणून .२२ च्या लहान रिव्हॉल्व्हरचा चाप बहुधा आणखीच कडक असतो.

साईटबद्दल एक गंमतीची गोष्ट. लहान रिव्हॉल्व्हरची मागची साईट म्हणजे सांगाड्यावर कोरलेली खाच, ती हलवता येत नाही. त्यामुळे गोळी कुठे लागणार हे काडतुसावर ठरतं. हलकी गोळी वेगाने सुटते, नळी धक्क्याने वर उचलली जाण्याआधीच बाहेर पडते आणि खाली लागते. जड गोळी नळीत जरा जास्त रेंगाळते, तोवर तोंड वर आलेलं असतं, म्हणून ती वर लागते. बरेच जण हत्यारात दोष शोधत बसतात आणि खरं तर फक्त काडतूस बदलायचं असतं. पुढची साईट काळी असेल तर तिच्यावर भडक नारिंगी नेलपॉलिशचा एक थर द्या. अंधुक उजेडात डोळा तिथे लगेच जातो.

मुठीचा नियम सोपा: करंगळीला धरायला काही नसेल तर धक्का दुप्पट वाटतो. खिशासाठी आखूड मूठ आणि सरावासाठी लांब मूठ अशा दोन ठेवणारे पुष्कळ आहेत, पण मग सराव एका मुठीचा आणि भरवसा दुसरीवर असं होतं. धरताना डाव्या हाताचा अंगठा कधीही सिलिंडरच्या पुढे नेऊ नका. सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते, तिच्यातून जळता वायू बाजूला फेकला जातो आणि कातडी फाटते. सिलिंडर नसलेलं पिस्तूल वापरणाऱ्यांना अंगठे पुढे ठेवायची सवय असते, त्यांनी विशेष जपावं.

‘रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं समोर येतं. हा त्याचा खरा गुण. पण सिलिंडर अडकला तर मात्र बऱ्याचदा हत्याराच्या कारागिराकडे जावं लागतं. न जळलेल्या दारूचे चार कण पुंगळ्या ढकलणाऱ्या ताऱ्याखाली गेले तरी सिलिंडर नीट बंद होत नाही. दोन इंची नळीखालचा दांडाही आखूड असतो, पुंगळ्या पूर्ण बाहेर ढकलत नाही. म्हणून नळीचं तोंड वर करून तळहाताने दांड्यावर एकच जोरदार थाप मारायची, हळूहळू दाबायचं नाही. तीन इंची नळी घेतली तर दांडा लांब मिळतो, साईटमधलं अंतर वाढतं, आणि कमरेच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे हत्याराच्या म्यानात, तो एक इंच कुणाला दिसतही नाही. खिशात मात्र तो एक इंच मावत नाही. जादा काडतुसं बाळगायला रबराची चपटी पट्टी चांगली. सगळी काडतुसं एकदम भरणाऱ्या गोल लोडरपेक्षा तिला वेळ लागतो, पण खिशात फुगवटा येत नाही.

जुनं घेणार असाल तर रिकामं आहे हे दोनदा बघून मग चाप अगदी सावकाश ओढा, सिलिंडरच्या प्रत्येक घरासाठी एकदा. घोडा पडायच्या आत सिलिंडर ‘टक्’ करून जागी बसला पाहिजे. पुढे-मागे ढकलून बघा, ठळक खेळ जाणवला तर सोडून द्या. फार जुन्या रिव्हॉल्व्हरांत घोड्याला मध्येच अडवणारी पट्टी नसते. अशी रिव्हॉल्व्हरं खाली पडली तर गोळी सुटू शकते, म्हणून घोड्याखालचं घर रिकामं ठेवूनच ती बाळगतात. मी तशी रोजच्या वापराला घेऊ नका असंच म्हणेन.

कसं बाळगणार, हे हत्यार ठरवायच्या आधी ठरवा. चापाभोवतीचं कडं पूर्ण झाकणारा, रिव्हॉल्व्हर बाहेर काढल्यावर जागच्या जागी राहणारा होल्स्टर हवाच, खिशात ठेवलं तरी. त्या खिशात किल्ली नको, नाणं नको, रुमाल नको. पिशवीत ठेवणं सोयीचं वाटतं, पण पिशवी आपण खुर्चीला अडकवतो, गाडीत विसरतो, लेकराच्या हातात देतो. अंगावरचं हत्यार तसं कुठे राहत नाही. घामाने गंज धरतो, म्हणून स्टेनलेस पोलाद असलं तरी रात्री तेलाच्या फडक्याने पुसून घ्यावं.

माझ्याकडे कुणी विचारायला आलं तर मी सांगतो: पहिलं रिव्हॉल्व्हर पोलादी घे, ५५० ते ७०० ग्रॅमचं, .३८ झाडायचं, चांगल्या पट्ट्यासकट. घेण्याआधी रेंजवर तेच मॉडेल भाड्याने किंवा उसनं मिळव, डोळ्यांना आणि कानांना संरक्षण लावून पन्नास गोळ्या झाड. सात मीटरवर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडतात का बघ, आणि एकावन्नावी झाडावीशी वाटते का तेही बघ. पट्टा घालताच येत नाही असं काम असेल तर ॲल्युमिनियमचं, साध्या दाबाच्या काडतुसांसाठी. ३३५ ग्रॅमवाल्याचा विचार दोन-तीन वर्षं हात बसल्यावर.

घरी आल्यावर ते अंगावरून उतरतं तेव्हा कुठे जातं, हाही निवडीचाच भाग आहे. या रिव्हॉल्व्हरला हाताने लावायची सेफ्टी बहुधा नसते. कडक चाप लहान मुलाला ओढता येणार नाही असं समजू नका, मुलं दोन्ही अंगठे लावून ओढतात. कुलपाची छोटी तिजोरी रिव्हॉल्व्हरसोबतच घ्या, नंतर नव्हे. आणि घरात कुणी मनाने खचलेलं असेल, तुम्ही स्वतः असाल तरी, तर हत्यार काही काळ घराबाहेर ठेवा. हाताशी बंदूक असलेल्या घरात आत्महत्येचा धोका वाढतो, आणि तो क्षण अनेकदा फार थोडा वेळ टिकतो. तुमच्या इथल्या कायद्यात बसेल अशा विश्वासू परवानाधारकाकडे किंवा अधिकृत ठिकाणी ते ठेवायला द्या, आणि त्या माणसाजवळ बसा.